इंग्रजीच्या ‘दहा जोड्या’वाल्या ढकलपत्राला उत्तर

सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, शाळेच्या जुन्या मित्रांच्या अशा सगळ्या ग्रुपवर सध्या एक ढकलपत्र फिरतंय. ‘या जोड्यांतला फरक कळत नसेल तर तुमचं इंग्रजी कच्चं’ असा दम देऊन ते सुरू होतं. काही जोड्यांना ‘फरक पाळलाच पाहिजे’ असा शिक्का, तर काहींना ‘अर्थ एकच, डोकं खाऊ नका’ असा. माझी तक्रार या शिक्क्यांबद्दल आहे. जिथे इंग्रजी स्वतःच सैल आहे तिथे हे पत्र छडी घेऊन उभं, आणि जिथे एका शब्दाच्या फरकावर मुंबईत माणसाचं घर टिकतं नाहीतर जातं, तिथे ‘एकच’ म्हणून मोकळं!

पहिला दावा: मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्युअर’च लावायचं, ‘लेस’ लावणारा अडाणी. मग अडाण्यांची यादी इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडपासून सुरू करावी लागेल, कारण नवव्या शतकातल्या त्याच्या लिखाणात मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘लेस’ लावलेलं सापडतं. या नियमाचं मूळ सापडतं ते १७७० साली, रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाकडे; आणि त्यानेसुद्धा ‘फ्युअर’ अधिक बरं वाटतं अशा सुरात आपली पसंती सांगितली होती. पुढच्या मास्तरांनी तिचा कायदा केला. औपचारिक लेखनात आज हा फरक पाळतात, तुम्हीही पाळा. पण पाच किलोमीटर, शंभर रुपये, दोन आठवडे हे सगळं मोजताच येतं की! तरी तिथे ‘लेस दॅन’च म्हणतात. ‘फ्युअर दॅन शंभर रुपये’ म्हणून बघा, समोरचा इंग्रजच गोंधळेल.

दुसरा: दोघांत ‘बिटवीन’, तिघांपासून पुढे ‘अमंग’. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात हा भेद नोंदवला खरा, पण तो नेहमी पाळला जात नाही, ही कबुलीही तिथेच दिली. प्रत्येकाचा दुसऱ्या प्रत्येकाशी वेगळा संबंध दाखवायचा असेल तर तिघांतही ‘बिटवीन’च बसतं. सोसायटी, बिल्डर आणि सभासद असा पुनर्विकासाचा त्रिपक्षीय करार उघडलात तर तिघांच्या नावांआधी ‘बिटवीन’ बघून दचकू नका. ‘अमंग’ म्हणजे घोळक्यात, मध्येच कुठेतरी.

तिसरा: ‘पोस्टपोन’ हा शब्द आहे, ‘प्रीपोन’ हा शब्दच नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो आहे, आणि १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेल्या एका पत्रातही आहे. इंग्लंड-अमेरिकेत तो फारसा चालत नाही, एवढंच खरं. तिकडच्या ऑफिसला मेल करताना टाळा. आपल्यात मात्र बिनधास्त वापरा, कारण ‘मीटिंग पुढे आली की पुढे गेली?’ हा मराठीतला घोळ तो एका झटक्यात मिटवतो.

अंतराला ‘फार्दर’, एरवी ‘फर्दर’ या भेदावर शाई खर्चण्यात अर्थ नाही, ब्रिटिश लोक अंतरालाही सर्रास ‘फर्दर’ म्हणतात. ‘हिस्टॉरिक’ (इतिहासात महत्त्वाचं) - ‘हिस्टॉरिकल’ (इतिहासाशी संबंधित) आणि ‘हँग्ड’ (माणसाला फाशी) - ‘हंग’ (वस्तू टांगणं) या जोड्यांबद्दल पत्रात लिहिलंय ते ठीक आहे.

आता ‘अर्थ एकच’वाला भाग.

‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ एकच, असं पत्र म्हणतं. गप्पांत खपून जाईल. सतराव्या शतकात ‘डिसइंटरेस्टेड’चा अर्थ ‘रस नसलेला’ असाही होता. पण कोर्टात ‘डिसइंटरेस्टेड’ साक्षीदार म्हणजे निकालात ज्याचा काही स्वार्थ गुंतलेला नाही असा माणूस. त्याला कंटाळा आलाय की नाही, हा प्रश्न वेगळा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली याच्याही पुढचा फरक स्पष्ट केला: ‘रिलेटेड’ साक्षीदार म्हणजे ‘इंटरेस्टेड’ साक्षीदार नव्हे. मृताची बायको नात्यातली आहे, एवढ्यावरून तिची साक्ष हितसंबंधी ठरत नाही. अशा वेळी ‘एकच’ म्हणणारं पत्र कोणत्या वकिलाला दाखवायचं?

‘छोटी चोरी ती थेफ्ट, मोठी ती रॉबरी.’ हे तर साफ चूक. रिक्षावाल्याच्या गळ्याला चाकू लावून पन्नास रुपये काढले तर ती रॉबरी. गर्दीच्या लोकलमध्ये नकळत लाखाचा दागिना उडवला तर ते थेफ्ट. रक्कम गौण, मारहाण, अडवणूक किंवा तत्काळ इजेची धमकी महत्त्वाची. मराठी पेपरात रोज ‘चोरी’, ‘जबरी चोरी’, ‘दरोडा’ वेगवेगळे वाचणाऱ्यांना हे सांगावं लागावं, याचं नवल वाटतं. पाच किंवा अधिक जण मिळून जबरी चोरी करतात तेव्हा तो दरोडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याचा वेगळा गुन्हाही आला, कलम ३०४. थेफ्टला एरवी तीन वर्षांपर्यंत कैद, रॉबरीला दहा वर्षांपर्यंत. मंगळसूत्र ओढून नेलं आणि त्यात मानेला जखम झाली, तर ठाण्यात तक्रार देताना ती जखम आवर्जून सांगा. नुसतं हिसकावणं की रॉबरी, ते कलम त्यावर ठरतं.

आणि ज्या ओळीसाठी हे लिहायला बसलो ती: ‘लीज, रेंट, लायसन्स, सगळं भाडंच!’ लीज म्हणजे जागेत हक्क मिळणं. लायसन्स म्हणजे वापराची नुसती परवानगी. पहिल्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, दुसऱ्याची सुविधाधिकार कायद्यात, दोन्ही १८८२ चे. रेंट हा लीजचा मोबदला. आपल्या लीव्ह अँड लायसन्सच्या कराराची प्रत काढून बघा: ‘टेनंट’ नाही, ‘रेंट’ नाही, ‘लायसन्सी’ आहे, ‘लायसन्स फी’ किंवा ‘कॉम्पेन्सेशन’ आहे. ही टाळाटाळ मुद्दाम केलेली असते. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडेकरूला पक्कं संरक्षण दिलं, तेव्हा मालकांनी भाडेकरू नको, लायसन्सी ठेवू, असा मार्ग काढला. मग १९७३ ची दुरुस्ती आली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर किमान एका खोलीचा ताबा असलेला लायसन्सी भाडेकरू मानला गेला. आदल्या दिवशी चावी परत केलेल्याच्या हाती काही लागलं नाही.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने काटा पुन्हा मालकाकडे झुकवला. राहत्या जागेची लायसन्सची मुदत संपल्यावर जागा अडवून बसलात तर लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला’ हे एजंटचं पालुपद महाराष्ट्रात चालत नाही. दिल्लीतल्या एका हॉटेलातल्या केशकर्तनालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली कागदावरचं ‘लायसन्स’ बाजूला सारून ती लीज ठरवली होती. आपल्याकडे मात्र १९९९ च्या कायद्याखाली राहती जागा परत मागण्याच्या कारवाईत लेखी लायसन्स करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानतात. तिथे सही करून झाल्यावर ‘मी तर भाडेकरू’ म्हणायला जागा उरत नाही.