नाटकातलं गाणं खरं, चित्रपटातलं खोटं? एकेक मुद्दा घेऊ

सोलापुरातल्या नाटकवेड्या मंडळींच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला आणि तिघांनीही खाली 'अगदी बरोबर' असं लिहिलं होतं. मजकुराचा सारांश असा: 'कट्यार काळजात घुसली'चं खरं गाणं १९६७ च्या नाटकातलं, २०१५ च्या चित्रपटातलं गाणं ही मशीनची करामत. नाटकात नट माइकशिवाय, पोटातून आणि स्वतः गायचे. चित्रपटात नट ओठ हलवतो, गातो दुसराच. साथीला पेटी-तबला पुरे असताना वाद्यांचा गदारोळ केला. मूळ चालींना हात लावला. पदं कापून लहान केली. आणि शेवटी, अशा चित्रपटांनीच संगीत नाटक मारलं.

मला नाट्यसंगीत जीव की प्राण आहे, म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही. यातला एक मुद्दा खरा आहे, आणि तो मी मान्य करणार आहे. बाकीचे टिकत नाहीत.

आधी माइकचं. बालगंधर्व, केशवराव भोसले या गायक-नटांच्या ऐन भराच्या काळात माइक नव्हता, हे खरं. १९११ च्या 'मानापमान' नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो गळ्याच्याच ताकदीवर. पण मजकूर बोलतोय 'कट्यार'बद्दल, आणि 'कट्यार' १९६७ ची आहे. तोवर रंगमंचावर माइक रुळले होते. पद आलं की नट दोन पावलं पुढे, माइकच्या टप्प्यात येऊन उभा राहायचा, हे त्या पिढीच्या प्रेक्षकांना पाठ आहे. आज तर गालाला चिकटवलेला माइक असतो आणि प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला एक माणूस बटणं सरकवत बसलेला असतो. एका संगीत नाटकाच्या प्रयोगाला मी मुद्दाम त्याच्या शेजारची खुर्ची घेतली होती. गद्य संपून पेटीने सूर दिला, की त्याचं बोट एका बटणावर जायचं आणि नटाच्या आवाजाला घुमारा यायचा. तान संपली, बोट खाली, घुमारा गायब. समोर टाळ्या पडत होत्या त्या गायकालाही होत्या आणि त्या बोटालाही होत्या. यात काही वाईट नाही. पण मग 'नाटकात यंत्र नाही' असं कुणी म्हणू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे या मजकुरात कुणाचंच लक्ष गेलेलं नाही. पार्क चौकात चहा पिताना एका तरुण मित्राशी याच विषयावर वाद झाला. तो म्हणाला, "ओरिजनलची सर नाही बे त्या पिक्चरला." मी विचारलं, "ओरिजनल कुठं ऐकलास?" म्हणाला, "यूट्यूबवर की." त्याचा जन्म नव्वदीनंतरचा. नाटकातले मूळचे खाँसाहेब, म्हणजे वसंतराव देशपांडे, यांना रंगमंचावर ऐकणं त्याला शक्यच नव्हतं, कारण वसंतराव १९८३ मध्ये गेले. त्याने ऐकली ती ध्वनिमुद्रिका. ती बंद खोलीत, वाद्यवृंद नीट बसवून, वेळेचं भान ठेवून, प्रेक्षकांशिवाय तयार झाली. म्हणजे तोही स्टुडिओच.

थोडं मागे जाऊ. बालगंधर्वांचं गाणं म्हणून आपण जे ऐकतो ते बहुतेक ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचं. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेच पद रंगमंचावर वन्समोअर घेत घेत कितीतरी लांबायचं, आणि प्रयोग रात्रभर चालायचे. तबकडीवर आलं ते पदाचं सार. अस्ताई-अंतरा, दोन-चार जागा आणि संपलं. म्हणून 'पदं कापून लहान केली' हा आरोप चित्रपटावर करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की कापाकापी चित्रपटाच्या कितीतरी आधी तबकडीने केली आणि त्या कापलेल्या पदालाच आपण मूळ मानून मोठे झालो. माझ्या पिढीने तर कॅसेटवर ऐकलं. टेप घासून खरखर यायची त्या जागासुद्धा आम्हाला पाठ होत्या.

म्हणजे भांडण नाटक आणि चित्रपट यांच्यात नाहीच. ते दोन स्टुडिओंमधलं आहे. एक कानाला आधी लागला, दुसरा नंतर आला. आधी लागलेला कान सोडत नाही, हा माणसाचा स्वभाव आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आवडीला पुराव्याचा आव आणू नये.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. 'ले मिझराब्ल' हे संगीत नाटक १९८५ पासून लंडनच्या रंगभूमीवर आहे. २०१२ मध्ये त्याचा चित्रपट झाला तेव्हा नटांना सेटवरच, कॅमेरा चालू असताना गायला लावलं. कानात छोटं यंत्र, त्यात सेटबाहेर वाजणाऱ्या पियानोची साथ, आणि वाद्यवृंद नंतर जोडला. आपल्या मजकुराला हवं तेच सगळं तिथे होतं: नट स्वतः गातो, त्या क्षणी गातो. तरी चाहत्यांचं समाधान झालं का? कित्येकांनी उलट तक्रार केली की आवाज कच्चे लागलेत, नाटकाच्या ध्वनिमुद्रिकेतलं गाणं किती घोटीव! ती ध्वनिमुद्रिकाही स्टुडिओतलीच.

'नट ओठ हलवतो' या मुद्द्याचे दोन भाग करावे लागतील.

पहिला भाग इतिहासाचा. चित्रपट म्हणजे उसना आवाज, हे समीकरण सुरुवातीपासूनचं नाही. १९३२ चा 'अयोध्येचा राजा', प्रभात फिल्म कंपनीचा पहिला बोलपट, यात गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतः गायले, चित्रण सुरू असतानाच गायले. पार्श्वगायन हिंदी-बंगालीत १९३५ च्या सुमारास सुरू झालं. आणि हे गोविंदराव टेंबे कोण? 'मानापमाना'च्या चाली देणारे तेच. नाट्यपदांना चाली देणारा माणूस स्वतः बोलपटाचा नायक झाला, गायक झाला, संगीतकार झाला. त्याला ती दोन शत्रुराज्यं वाटली नाहीत.

दुसरा भाग 'कट्यार' चित्रपटाचा. गोष्ट दोन घराण्यांच्या गवयांमधल्या ईर्षेची: एकीकडे पंडित आणि त्यांचा शिष्य सदाशिव, दुसरीकडे खाँसाहेब. त्यात पंडित भानुशंकर झालेले शंकर महादेवन स्वतःच गायले आहेत. सदाशिव झालेल्या सुबोध भावे यांना महेश काळे यांचा आवाज आहे, आणि खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांना राहुल देशपांडे यांचा. आता हे दोघे कुठून आले? २०१० मध्ये 'कट्यार' पुन्हा रंगभूमीवर आली तेव्हा सुबोध भावे दिग्दर्शक होते, खाँसाहेब होते राहुल देशपांडे आणि सदाशिव होते महेश काळे. म्हणजे जी भूमिका ज्या गळ्याने रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर, प्रयोगामागून प्रयोग गाऊन पचवली होती, त्याच भूमिकेचं गाणं त्याच गळ्याने चित्रपटात गायलं. त्यातून महेश काळे यांना 'अरुणि किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याला उसना आवाज म्हणणं त्या दोघांच्या मेहनतीवर अन्याय आहे.

पण इथेच मजकुरातली खरी गोष्ट आहे, आणि सोलापूरकराने तरी ती मोठ्याने बोलायला हवी. १९६७ ची झरीना, म्हणजे खाँसाहेबांची मुलगी, होत्या फैयाज, मूळच्या आपल्या सोलापूरच्या. समोर वसंतरावांसारखा गवई उभा असताना मुलीच्या भूमिकेत संवादही पेलायचे आणि 'लागी करेजवा कटार'ही गायचं, तेही त्याच दमात. बोलता बोलता गाण्यात शिरायचं आणि गाणं संपताच पुन्हा भूमिकेत उभं राहायचं. बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज एकच असल्यामुळे जो विश्वास बसतो, तो दोन माणसं जोडून आणता येत नाही, कितीही बेमालूम जोडली तरी. चित्रपटात झरीना दिसायला देखणी आहे, काम चोख आहे, पण गाणारी नटी ही जी वेगळीच जात संगीत रंगभूमीने घडवली, ती तिथे नाही. तक्रार करायची तर ही करा. मशीनची नको.

वाद्यांच्या गदारोळाबद्दल थोडक्यात. पेटी-तबल्याची साधी साथ हीच परंपरा, हे अर्धंच खरं आहे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन होता, सारंगीला कादरबक्ष होते आणि तबल्याला अहमदजान थिरकवाँ. त्या काळी हिंदुस्थानात याहून भारी साथ कुठल्या दरबारात मिळाली असती? बालगंधर्वांनी साथीवर पैसा ओतला, कर्ज झालं तरी ओतला. ऐपत होती तेव्हा रंगभूमीने साथ श्रीमंतच ठेवली. पेटी-तबल्यावर भागवणं पुष्कळदा परिस्थितीमुळे आलं. चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांचा वाद्यमेळ काही ठिकाणी मलाही जड वाटतो, विशेषतः जिथे गायकाच्या दोन सुरांमधली मोकळी जागा भरून टाकली आहे तिथे. पण तो रुचीचा प्रश्न झाला.

आणि मूळ चाली. यावर तर मला फार वाटतं. 'मूळ' म्हणजे नेमकं कुठपर्यंत मागे जायचं? टेंब्यांनी 'मानापमाना'त पूरब ढंगाच्या ठुमऱ्या-कजऱ्यांच्या चाली आणल्या. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या 'स्वयंवरा'त ख्यालाच्या बंदिशींवर पदं बसवली. त्याआधी अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा ही वृत्तं आणि कानडी चाली वापरल्या. अण्णासाहेब स्वतः बेळगाव भागातले. आपल्या सोलापुरात एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही कानावर पडतात. आपल्याला तरी हे सांगावं लागू नये. चाल एका ठिकाणाहून उचलायची, तिला दुसऱ्या शब्दांवर, दुसऱ्या गळ्यावर बसवायची, हेच नाट्यसंगीताचं काम आहे.

'कट्यार'मध्ये तर हे नाटकाच्या पोटातच आहे. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी दोन चालींत बांधलं, दोन घराण्यांचा स्वभाव दाखवायला. वसंतराव गायचे ती सालगवराळी रागातली चाल आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. शब्द तेच, पण गवई बदलला की फूल आणि भुंगा दोघेही बदलतात. हे ज्या नाटकाचं सूत्र आहे, त्या नाटकाच्या बाजूने 'चालीला हात लावू नका' असं ओरडणं मला समजत नाही.

'सुरत पिया की'चं उदाहरण घ्या. नाटकात ती वसंतरावांची एकट्याची रागमाला. चित्रपटात ती राहुल आणि महेश यांच्यात वाटली गेली. मी दोन्ही लागोपाठ ऐकली, डोळे मिटून. वसंतरावांच्या गाण्यात एका रागातून दुसऱ्यात पाऊल कधी पडलं ते कळतच नाही. तो माणूस आपल्याशी बोलता बोलता वाट बदलतो. चित्रपटात प्रत्येक वळणावर दुसरा गळा येतो, त्यामुळे वळण ठळक दिसतं आणि ईर्षा ऐकू येते. नवख्या कानाला राग बदलल्याचं चित्रपटात लवकर कळेल. मला विचाराल तर मी वसंतरावांकडेच जाईन. पण दुसऱ्या रचनेला कारण आहे. ती कुणी बेफिकिरीने केलेली मोडतोड नाही.

हळू आवाजाचंही तसंच. रंगमंचावरच्या गायकाला शेवटच्या खुर्चीसाठी गावं लागतं. माइक असला तरी शरीराची ठेवण तशीच राहते, सूर फेकला जातो. चित्रपटात चेहरा पडदाभर असतो, तिथे पुटपुटल्यासारखा लागलेला षड्जही, म्हणजे 'सा'ही, पोचतो. 'सूर निरागस हो'ची सुरुवात ऐका. उलट, रंगमंचावर गायकाला समोरून 'वाः' आली की तो ठरवलेलं सोडून आणखी एक आवर्तन घेतो, पेटीवाला त्याच्या तोंडाकडे पाहत मागे मागे जातो, आणि तबलजीला सम कुठे पडणार हे शेवटच्या क्षणापर्यंत ठाऊक नसतं. पडद्यावर हे कधीच होणार नाही. पण यूट्यूबवरच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतही ते होत नाही!

शेवटचा आरोप, चित्रपटाने संगीत नाटक मारलं. बोलपट आल्यावर नाटक मंडळ्या मोडकळीला आल्या, हे खरं आहे. कर्जापायी खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त उभे राहिले. पण ती गोष्ट नव्वद वर्षांपूर्वीची. 'कट्यार' स्वतः बोलपटानंतर पस्तीस वर्षांनी आली आणि धो धो चालली. २०१५ नंतर माझ्या ओळखीतल्या किती तरी पोरांनी चित्रपट पाहून 'घेई छंद' शिकायला घेतलं आणि तिथून ती वसंतरावांपर्यंत पोचली. संगीत नाटकाचे दौरे कमी झाले ते साथीदारांचं मानधन, प्रवास, आणि अर्ध्या रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या यांमुळे. हुतात्मा स्मृती मंदिरात संगीत नाटक लागलं की मजकूर पुढे पाठवणाऱ्या किती जणांनी तिकीट काढलं होतं, हे ज्याचं त्याने आठवावं.

माझी एक विनंती मात्र आहे. सोलापुरात कुणाकडे जुन्या संगीत नाटकाच्या प्रत्यक्ष प्रयोगाचं टेपरेकॉर्डरवर केलेलं मुद्रण असेल, प्रेक्षकांचं खोकणं, वन्समोअरचा ओरडा, मध्येच रडणारं मूल यांच्यासकट, तर ते कृपा करून ऐकायला द्या. कॅसेट अडकत असेल तर ती दुरुस्त करून घेण्याचा खर्च मी करीन. तुलना करायचीच असेल तर चित्रपटाशेजारी ती टेप ठेवू.