कुलूपबंद घरं आणि नमुना ७

मतदार यादीवरच्या लेखात म्हटलंय, मयतांची नावं यादीत राहतात ती बीएलओच्या (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या) आळसामुळे. तलाठी असताना गुहागर तालुक्यात हे काम मी केलंय, म्हणून लिहितो. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला, उगवतात ती गणपतीत. आजोबा वारले हे शेजारीण पडवीतूनच सांगते, पण नाव वगळायच्या नमुना ७ वर सही करा म्हटलं की आत पळते! मृत्यूदाखला मुलाकडे, मुलगा नालासोपाऱ्यात. २०२२ पासून वर्षाला चार अर्हता तारखा झाल्या, म्हणजे १८ वर्षं पूर्ण झाली का हे ज्या दिवशी धरतात त्या तारखा. त्यातली १ जुलै ऐन लावणीतली. वेळेत यादी द्यायचीच, शिवाय सातबारे आणि पंचनामे आहेतच. खाडीपलीकडे गेलो आणि शेवटची होडी चुकली, तर मुक्काम देवळात.