दहावीला हाऊस स्पर्धांतून वगळू नये

दहावीच्या विद्यार्थ्यांना हाऊस स्पर्धांतून (शाळेतील मुलांचे ‘हाऊस’ नावाचे गट करून त्यांच्यात होणाऱ्या स्पर्धांतून) वगळावे, म्हणजे त्यांना एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या बोर्ड परीक्षेच्या, तयारीला पुरेसा वेळ मिळेल, ही या स्पर्धांवरील एका लेखातील सूचना मला पटत नाही. हाऊसचा कर्णधार बहुधा दहावीचाच असतो आणि आठवीच्या बुजऱ्या मुलांना हाताशी धरून खो-खोचा संघ उभा करणे, समूहगीताची तालीम घेणे, भित्तिपत्रकासाठी मजकूर गोळा करणे ही कामे तोच करतो. परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असते. स्पर्धा दिवाळीपूर्वी उरकल्या तर अभ्यासाचे काहीच बिघडत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जंगलभागातून येणाऱ्या मुलांना, विशेषतः मुलींना, गावाची बस चुकवून सरावासाठी थांबता येत नाही, त्यामुळे संघात शाळेजवळ राहणारी तीच ती मुले दिसतात. वेळापत्रकातील खेळाच्या तासाला गणिताचा जादा तास घेणे थांबवले, तर सराव शाळेच्या वेळेतच होईल. शिवाय हाऊसला सहभागाचेही गुण द्यावेत. प्रतिभा कारंजी या कर्नाटक सरकारच्या शालेय कलागुण स्पर्धेसाठी केंद्र पातळीवर (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर) पाठवायची मुले याच स्पर्धांतून निवडली, तर आयत्या वेळी ठरावीक नावे लिहून पाठवण्याची पद्धतही बंद होईल.