न ऐकता रेडिओप्रेमी कसे व्हावे

ठाण्यात राहायचं तर एखादं जुनं प्रेम बाळगावंच लागतं. गडकरी रंगायतन, तलावपाळी आणि मिसळ यांच्याकडे आधीच रांग लागलेली आहे, त्यामुळे नवख्याने रेडिओ धरावा. गाण्यांचा नव्हे हं, गाणी काय, रिक्षातही लागतात. बोलणारा रेडिओ धरावा. श्रुतिका, भाषणं, मुलाखती, नभोनाट्य. खर्च काही नाही, चारचौघांत वजन भरपूर, आणि यातलं काहीही ऐकायची सक्ती नाही.

सुरुवात पाठांतराने करा. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, १९३० मध्ये कंपनी बुडाली, मग सरकारने कारभार हातात घेतला आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला एवढं पुरतं. कंपनी बुडाल्याचं मात्र भरभर सांगून टाका. तेव्हाही परवाना काढून ऐकणारे पुरेसे नव्हते, हे कुणाच्या लक्षात यायला नको.

मग आकाशवाणीची जुनी कौटुंबिक श्रुतिका ‘पुन्हा प्रपंच’. त्यातल्या टेकाडे भावजी आणि मीनावहिनी यांची नावं घेताना डोळे किंचित मिटावेत. बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू या कलाकारांची जोड दिलीत की समोरचा गप्पच होतो. तुमचा जन्म नंतरचा असला म्हणून बिघडत नाही. आठवणी वडिलोपार्जित असतात, सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून घ्यायचं.

घरात जुना, मोठा, लाकडी संच असावा. शोकेसमध्ये, वर क्रोशाचा रुमाल. चालणारा ट्रान्झिस्टर मात्र दिसेल असा ठेवू नये, कारण एखादा पाहुणा “अस्मिता लावा की” म्हणतो आणि पंचाईत होते. तसं झालंच तर घाबरू नका, घोडबंदर रोडचे टॉवर तुमच्या बाजूने आहेत. अस्मिता ही आकाशवाणी मुंबईची मराठी वाहिनी, मीडियम वेव्हवर, ५५८ किलोहर्ट्‌झला. लोखंड आणि काँक्रीटच्या भिंतींतून ती लहर आधीच दमून आत येते. त्यात हॉलमधले सगळे एलईडी दिवे लावा आणि मोबाइलचा चार्जर सेटला चिकटून ठेवा. त्यांच्या पोटातली सर्किटं नेमकी याच पट्ट्यात खरखर ओततात. मग मान हलवून म्हणायचं, “बघा, काय दशा करून ठेवलीय रेडिओची!”

एक आगाऊ भाचा मात्र प्रत्येक घरात असतो. तो दिवे बंद करतो, चार्जर उपटतो, सेट खिडकीशी नेतो आणि हळूहळू फिरवत राहतो. आतल्या फेराइटच्या कांडीला, म्हणजे अँटेनाला, दिशा असते, हे त्याला कुठूनतरी कळलेलं असतं. एका कोनात खरखर एकदम ओसरते आणि कुणी बाई शांतपणे, एकही इंग्रजी वाक्य मध्ये न घुसडता, मधुमेहात पायांची काळजी कशी घ्यावी ते सांगताना ऐकू येतात. ताबडतोब चहा मागवा. भाचा तरीही ऐकणार नाही. “मामा, ॲपवर लावू का? तिथे खरखरच नाही.” यावर उत्तर तयार हवं: “ॲपवर ती मजा नाही रे.” खरखर असली की ऐकू येत नाही, नसली की मजा येत नाही. या दोन्हींच्या मधून निसटायला भाच्याला वाट उरत नाही.

आता परदेश. बीबीसीच्या रेडिओ फोरचा उल्लेख केल्याशिवाय कुणी तुम्हाला पक्कं रसिक मानणार नाही. ३० सप्टेंबर १९६७ पासून हे नाव आहे आणि दिवसभर जवळपास निव्वळ बोलणं. ‘द आर्चर्स’ ही खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची मालिका १९५१ पासून आजतागायत चालू आहे. महायुद्धानंतरच्या टंचाईत शेतकऱ्यांना नव्या पद्धती कळाव्यात म्हणून तिकडच्या शेती खात्याच्या सल्ल्याने ती सुरू झाली. हे सांगताना “काय दृष्टी असते बघा लोकांची” असं म्हणायचं. आकाशवाणीवर करप्यावरची फवारणी लागली तर मात्र “कोण ऐकतं हे?” म्हणायचं.

सगळ्यात मोठा मान ‘शिपिंग फोरकास्ट’ला द्या. जहाजांसाठी हवामानाचा अंदाज, बस. व्हायकिंग, डॉगर, फिशर, जर्मन बाइट अशी समुद्राच्या भागांची नावं आणि वाऱ्याचा जोर. तिकडे लोक ते झोपताना ऐकतात, जहाज नसलेलेसुद्धा. त्याला तुम्ही बिनधास्त काव्य म्हणा. आपली आकाशवाणी “समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये” म्हणते, ती मात्र सरकारी सूचना. चेंदणी कोळीवाडा तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आणि डॉगर पार उत्तर समुद्रात, पण रसिकाने रिक्षाच्या अंतरावरचं ऐकून कसं चालेल? तिकडे टीव्हीच्या परवान्यापोटी घरटी दरवर्षी जे पैसे भरतात, त्यांवर हे सगळं चालतं, हा तपशील गाळावा. नाहीतर कुणीतरी विचारेल, तुम्ही किती द्याल?

(आकाशवाणीची काही भाषणं खरोखरच कागद चघळल्यासारखी वाचलेली असतात, हे आपल्यात राहू दे. चांगली कुठली, ते सांगायला आधी ऐकावी लागतील.)

१३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन येतो. त्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर जुन्या संचाचा फोटो आणि खाली आकाशवाणीचं ब्रीद, ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’. दुपारपर्यंत चाळीसेक हात जोडलेले दिसतील. त्यातल्या एकालाही आज रात्री कुठली श्रुतिका आहे हे विचारू नका, त्यांनाही तुम्हाला विचारायचं नाहीये.

खरी पर्वणी म्हणजे बंद पडण्याची बातमी. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय आला, महाराष्ट्रभर संताप उसळला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. तुमच्याकडून फार काही अपेक्षित नसतं. वृत्तनिवेदिका सुधा नरवणे यांचा आवाज आठवायचा, ‘मराठी अस्मितेवर घाला’ लिहायचं आणि निवेदनावर सही ठोकायची. स्थगितीनंतरच्या सकाळी बातम्या लावायची गरज नाही, त्या वाचल्याच आहेत. निवेदनात तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत हे सहसा विचारत नाहीत. चुकून रकाना असलाच, तर ‘लहानपणापासून’ असं भरावं.