चुकचींना थंडीने वाचवले? नाही, ते लढले म्हणून वाचले

चुकची लोकांविषयी एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: रशियाने सायबेरिया बिनबोभाट घेतला. ईशान्य टोकाच्या चुकचींना मात्र सोडून दिले, कारण तिथे घेण्यासारखे काही नव्हते आणि थंडी जीवघेणी होती. एरवी बंदुकीपुढे भाले-बाण टिकलेच नसते. शेवटी हमखास एक वाक्य येते: ‘म्हणून चुकची आजवर अजिंक्य आहेत.’ यात चुकचींचे कौतुक वाटते खरे, पण सगळे श्रेय जाते हवामानाला. म्हणून एकेक विधान तपासू.

‘घेण्यासारखे काही नव्हते.’

टुंड्रात सेबल (महागड्या फरसाठी मारला जाणारा छोटा प्राणी) नव्हते, एवढे खरे. मौल्यवान फरची खंडणी, म्हणजे यासाक, चुकचींकडून इतरांइतकी मिळणार नव्हती. पण तेवढ्यावर सरकारने हात आखडला नाही. 1727 मध्ये चुकचींना ताब्यात आणण्याच्या मोहिमेला मंजुरी मिळाली. सायबेरियातल्या याकुत्स्क या रशियन ठाण्याचा कोसॅक (सरहद्दीवरचे रशियन शिपाई) सरदार अफानासी शेस्ताकोव आणि कॅप्टन दिमित्री पावलुत्स्की यांना सुमारे 400 माणसे देण्याचे ठरले. 1742 मध्ये तर सेनेटने, म्हणजे रशियाच्या सर्वोच्च शासन मंडळाने, न जुमानणाऱ्या चुकचींचा समूळ नाश करण्याचा हुकूम काढला. ज्या मुलखाशी कर्तव्य नाही, तिथल्या लोकांना संपवण्याचे हुकूम राजधानीतून निघत नाहीत.

‘काही मिळत नाही’ हा निष्कर्ष नंतरचा आहे, आणि तो हिशेबाच्या वहीतून आला. अनादिर नदीवरच्या अनादिर्स्क या रशियन लष्करी ठाण्याचा अधिकारी प्लेनिस्नर याने 1763 च्या सुमारास ठाणे मोडण्याची शिफारस केली. 1710 पासूनचा खर्च 13 लाख 81 हजार रुबल, यासाक व इतर उत्पन्न मिळून 29 हजारांच्या आसपास. म्हणजे एका रुबलामागे 47 रुबल गेले. हा तोटा टुंड्राने केला नाही. खंडणी न देणाऱ्या आणि ठाण्याला निवांत बसू न देणाऱ्या माणसांनी केला.

‘थंडीने रशियन हरले.’

कोसॅक 1649 पासून अनादिर नदीवर हिवाळे काढत होते. गोठलेल्या नद्या आणि कडक बर्फ हा त्यांच्या बर्फगाड्यांचा रस्ताच होता. पावलुत्स्कीची 1731 ची मोहीम मार्चमध्ये निघाली आणि ऑक्टोबरमध्ये परतली. उत्तर किनाऱ्यापर्यंत जाऊन तिने तीन लढाया जिंकल्या. थंडी अडवणारी असती, तर हे घडलेच नसते.

अडचण रसदेची होती. याकुत्स्कपासून इतक्या दूर धान्य पोहोचवणे महाग, म्हणून ठाण्याचे खाणे आणि वाहतूक दोन्ही रेनडियरवर चाले. ते बहुतांशी कोर्याकांच्या, म्हणजे चुकचींच्या दक्षिणेकडच्या शेजारी जमातीच्या, कळपांतून येत. चुकचींनी छापे घातले ते याच कळपांवर. एक कळप पळवला की ठाण्याचे मांसही गेले आणि गाड्या ओढणारी जनावरेही गेली. गनिमी कावा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

यात कोर्याकांचे फार हाल झाले, हेही सांगायला हवे. हे छापे रशियनांविरुद्धच्या लढ्यापुरते नव्हते. कोर्याकांची जनावरे पळवण्याची चुकचींची रीत त्या लढ्यावर अवलंबून नव्हती. म्हणूनच पावलुत्स्कीच्या 1731 च्या मोहिमेतल्या 435 जणांत 215 रशियन, तर 160 कोर्याक आणि 60 युकागीर (तिथलीच आणखी एक मूळनिवासी जमात) होते. ‘एकीकडे गोरे, दुसरीकडे सगळे मूळनिवासी’ हे चित्रही म्हणून फसवे.

‘बंदुकीपुढे भाला टिकत नाही.’

त्या काळची बंदूक तोंडाकडून भरावी लागे. नळीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, बंदुकीच्या कानात, म्हणजे ठिणगी पडते त्या छोट्या खाचेत, बारीक दारू घालायची, मग चाप ओढायचा. सरावाच्या हाताला यासाठी वीस-तीस सेकंद लागतात. बोटे बधिर असली किंवा वाऱ्याने कानातली दारू उडाली, तर आणखी वेळ जातो. नेम जेमतेम शंभर पावलांपर्यंत लागतो. तेवढे अंतर धावून यायलाही साधारण तितकाच वेळ लागतो. म्हणजे पहिला बार चुकला, तर दुसरा भरून होईपर्यंत भाला छातीशी आलेला असतो.

चुकचींचे चिलखत चामड्याचे, हाडाच्या किंवा लोखंडी पट्ट्या ओवलेले असे. बाणापासून ते चांगले वाचवी, गोळीपासून नेहमीच नाही. त्यामुळे समोरासमोर, लांबून होणाऱ्या लढाईत ते मार खात. 1731 मध्ये तेच झाले. मार्च 1747 मध्ये मात्र अनादिर्स्कजवळचे कळप पळवून सुमारे 500 चुकची थांबले. पाठलागावर आलेल्या पावलुत्स्कीकडे शंभराहून थोडीच जास्त माणसे होती. पहिला बार उडाला आणि पुन्हा भरायच्या आत चुकची भाल्यांनिशी भिडले. पावलुत्स्की तिथेच पडला. शेस्ताकोव त्याआधीच, मार्च 1730 मध्ये, पेंझिनाच्या आखाताजवळ मारला गेला होता.

ओलीस ठेवण्याची युक्तीही इथे फसली. इतरत्र सरदाराचा मुलगा कोठडीत टाकला की टोळी फर आणून देई. चुकचींचा एक राजाच नव्हता. प्रत्येक छावणी स्वतंत्र, त्यामुळे एकाला धरून दुसऱ्याकडून काही वसूल होत नसे.

‘आजवर अजिंक्य.’

हेही खरे नाही. 1764 मध्ये अनादिर्स्क मोडायचे ठरले आणि 1771 पर्यंत ते रिकामे झाले. 1778 मध्ये गिझिगा या रशियन ठाण्यावर कॅप्टन श्मालेव आणि चुकची प्रमुख ओमुल्यात यांच्यात तह झाला. दहा वर्षे यासाक माफ आणि अंतर्गत कारभार चुकचींच्या हाती, अशा त्याच्या अटी होत्या. पुढे अन्युइ नदीकाठी भरणाऱ्या व्यापारी जत्रेत तंबाखू, किटल्या आणि लोखंडाच्या बदल्यात कोल्ह्याचे फर आणि वालरसचे दात जाऊ लागले. 1822 च्या कायद्याने चुकचींना ‘पूर्णपणे अधीन नसलेले’ म्हटले. यासाक किती आणि कसा द्यायचा, हे त्यांच्याच मर्जीवर सोडले.

साम्राज्याला तलवारीने जमले नाही, ते पुढे सोव्हिएत सरकारने कागदाने केले. 1930 मध्ये चुकोटका राष्ट्रीय जिल्हा झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत खासगी कळप सामूहिक शेतीत ओढले गेले आणि मुले निवासी शाळांत गेली. पावलुत्स्कीला जे कळप मिळवता आले नाहीत, ते अशा रीतीने सरकारच्या ताब्यात गेले.