रोबो घ्यावा, पण हात लावू नये

मोठ्यांसाठी काढलेल्या ट्रान्सफॉर्मिंग रोबोंच्या जपानी खोक्यावर एक आकडा छापलेला असतो : वय वर्षं १५ आणि पुढे. तो कुठे छापलाय ते नीट बघून ठेवा, घरात फार कामाला येतो. ‘या वयात खेळणी?’ असा सूर लागला, की खोकं पुढे करायचं आणि त्यावर बोट ठेवायचं. खालची मर्यादा छापली आहे, वरची कुठेही नाही.

आता हा रोबो आपण का घेतोय, ते स्वतःशी पक्कं करा. तो ट्रक होतो म्हणून. नुसता उभा रोबो हवा असता तर बरा पुतळा मिळाला असता, नुसता ट्रक हवा असता तर डायकास्ट मॉडेल मिळालं असतं. आपण पैसे मोजतो ते या दोघांच्या मधल्या करामतीचे : छातीत गडप होणारं डोकं, पोटरीत दडलेली चाकं, पाठीवर घडी होऊन बसलेलं छप्पर. कुणीतरी डोकेबाज माणसानं कित्येक महिने खपून ही करामत जमवलेली असते. तुम्हाला शिकायचं आहे ते एवढंच, की ती कधीही होऊ द्यायची नाही.

थोडा इतिहास तोंडपाठ असावा. पोरकटपणाचा आरोप झाला की इतिहास उपयोगी पडतो, कारण सनावळ्या सांगणाऱ्या माणसाला सहसा कुणी पोरकट म्हणत नाही. १९७४ साली जपानच्या पॉपी कंपनीनं ‘चोगोकिन’ नावाचे धातूचे रोबो काढले, तिथून सुरुवात करा. मग जपानच्याच टाकारा कंपनीची १९८० ची डायक्लोन मालिका आणि १९८३ ची मायक्रो चेंज. या दोन्हींतले रोबो अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं उचलले, त्यांना नवी नावं आणि नवी गोष्ट दिली आणि १९८४ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून बाजारात आणले. डायक्लोनचे रोबो म्हणजे यंत्रं होती, त्यांत चुंबकाच्या पायांचा इंचभर उंचीचा चालक बसायचा. नव्या गोष्टीत रोबो स्वतःच जिवंत झाले आणि चालकाची नोकरी गेली. त्याच्या बसायच्या जागा मात्र साच्यात तशाच राहिल्या. ही माहिती चहाच्या कपाबरोबर द्यावी. कप संपेस्तोवर समोरचा माणूस मूळ प्रश्न विसरलेला असतो.

मायक्रो चेंजची कल्पना आणखी निराळी. तिथे रोबो घरातल्या वस्तूंची रूपं घ्यायचे, आणि बऱ्याचदा त्या वस्तूंच्या खऱ्याखुऱ्या आकारात : पिस्तूल, कॅसेट प्लेयर, सूक्ष्मदर्शक. त्यामुळे पुढच्या गोष्टीत ट्रक होणारा नायक आणि पिस्तूल होणारा खलनायक एकमेकांसमोर उभे राहिले, तेही जवळजवळ सारख्या उंचीचे. एवढा धिप्पाड गडी पिस्तूल होताना दुसऱ्याच्या मुठीत मावण्याइतका कसा होतो, हे विचारायचं नसतं. हा श्रद्धेचा भाग आहे. पण फळीवर उभा केल्यावर तोच गडी नायकापेक्षा अर्धा सेंटीमीटर बुटका भरला, तर मात्र तुमचा संताप झालाच पाहिजे. स्केल, म्हणजे एकमेकांशी असलेलं प्रमाण, चुकलं म्हणजे सगळंच चुकलं. अशा वेळी पट्टी घेऊन मोजावं, फोटो काढावा आणि दोन दिवस जेवणावर वासना ठेवू नये.

मास्टरपीस (एमपी) या मोठ्यांसाठीच्या जपानी मालिकेशी तुमची गाठ पडणारच, तेव्हा तिची रीत समजून घ्या. २००३ साली एमपी-०१ आला, म्हणजे ट्रक होणारा तोच नायक, अमेरिकेत ज्याला ऑप्टिमस प्राइम म्हणतात आणि जपानात कॉन्व्हॉय, तो. धातू सढळ हातानं वापरलेला. उचलला की मनगटाला कळायचं. जाणकार म्हणाले, याहून चांगला होणे नाही. २०११ साली एमपी-१० आला, मुद्दाम लहान केलेला, म्हणजे बाकीच्या गाड्या शेजारी प्रमाणात दिसतील. जाणकार म्हणाले, आता मात्र खरंच याहून चांगला होणे नाही. २०१९ साली एमपी-४४ आला. जाणकारांनी काय म्हटलं ते सांगायला नको. यातल्या प्रत्येक वेळी आधीचा रोबो एका रात्रीत बेढब दिसायला लागतो. कालपर्यंत ज्याच्या खांद्यांची तुम्ही तारीफ करत होता, त्याच्या खांद्यांकडे आज बघवत नाही. दोन सनांमधलं अंतर तुमच्या लक्षात आलंच असेल. पुढचे पैसे कधी तयार ठेवायचे ते तुमचं तुम्ही काढा.

एमपी-०१ च्या धुरांड्यांचं प्रकरणही माहीत हवं, नाहीतर जाणकारांत तुमची पत राहणार नाही. ट्रकच्या दोन्ही बाजूंना ज्या उंच नळ्या असतात, त्या अमेरिकी आवृत्तीत आखूड केल्या गेल्या. मुलांना टोचू नयेत या सुरक्षेच्या हिशेबानं. ज्यांच्या घरात कोणतंही मूल त्या फळीच्या हाताभर जवळ फिरकू शकत नाही, अशा थोर थोर माणसांना या कापाकापीचं अतीव दुःख झालं. मग काहींनी लांब धुरांड्यांसाठी जपानी प्रत वेगळी मागवली. तुम्हीही मागवावी. आखूडवाली टाकून द्यायची नाही अर्थात. तीही एक ‘व्हेरिएंट’ आहे.

एवढं सगळं करूनही, खोकं घरी आलं की पहिल्या संध्याकाळी माणसाला मोह होतो. एकदाच करून बघू, असं वाटतं. बरं, बघा. माहितीपत्रक उघडा. करड्या रंगाची चित्रं, त्यावर करडेच बाण. चौदाव्या चित्रात रोबोला हात आहेत, पंधराव्यात नाहीत. मध्ये काय घडलं ते बाण सांगत नाही. खोक्यावरच्या फोटोचा आधार घ्यावा म्हणाल, तर तोही जपून घ्या. कंपनीच्या अधिकृत फोटोंतही एखादा पाय उलटा फिरवलेला किंवा पॅनल अर्धवट दुमडलेलं सापडतं. ज्यांनी बनवला त्यांनाच तो धड दुमडता आला नाही, हे कळलं की मनाला बरंच बरं वाटतं.

मग तो क्षण येतो. काचेचं पॅनल छातीतून पुढे ओढून वर फिरवायचं असतं. काच म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक, आणि ते रंगीत प्लॅस्टिकपेक्षा ठिसूळ. बिजागरी नेमकी त्याच तुकड्यात, आरपार गेलेली बारीक धातूची पिन तुम्हाला दिसत असते. अंगठ्याचं नख फटीत सरकवायचं. दाबायचं. काही होत नाही. थोडं आणखी दाबायचं. पिनेच्या भोवती केसाएवढी पांढरी रेघ उमटते. तिला स्ट्रेस मार्क म्हणतात, आणि ती नुकतीच उमटली की आधीपासून होती, यावर तुम्ही रात्रभर विचार करणार आहात. तेवढ्यात ‘टक्’ असा आवाज येतो. जॉइंट बसला तरी हाच आवाज येतो आणि मोडला तरी हाच. अनुभवी माणसं अशा वेळी लगेच खाली बघत नाहीत.

अनुभवी माणसं हेअर ड्रायरही जवळ ठेवतात. घट्ट जॉइंटवर थोडा वेळ गरम वारा सोडला की प्लॅस्टिक जरा सैल होतं. घरात केस सर्वांत कमी ज्याचे, त्याच्याच टेबलावर ड्रायर का असतो, याचं उत्तर तयार ठेवा. उलट सैल पडलेल्या जॉइंटच्या गोळ्यावर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. तेही टेबलावर दिसेल. एका उत्तरात दोन्ही बसवता आलं तर उत्तम.

थर्ड पार्टीचा, म्हणजे परवाना न घेणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचा, विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. या कंपन्या मूळ हक्कदारांना न विचारता तेच पात्र बनवतात, नाव भलतंच देतात आणि छातीवरच्या निशाणीची जागा कोरी ठेवतात. ती निशाणी आपण वेगळी आणून चिकटवायची. हे गैर आहे का? मुळीच नाही. ही कलेची सेवा आहे, मूळ कंपनीनं जे पात्र वर्षानुवर्षं काढलं नाही ते यांनी काढलं. आता यांच्याच रोबोची कुणी हुबेहूब नक्कल करून निम्म्या किमतीत विकली, तिला केओ म्हणतात, तर मात्र तुम्ही खवळून उठायचं. ही उघड चोरी आहे, आरेखन करणाऱ्याच्या पोटावर पाय आहे, अशा माणसांना थारा देता कामा नये. दोन्ही वाक्यं एका श्वासात, चेहरा न हलवता म्हणता येईपर्यंत आरशासमोर सराव करा.

रिपेंट म्हणजे साचा तोच आणि रंग वेगळा. १९८४ च्या पहिल्या खेपेतच एका साच्यातून तीन लढाऊ विमानं निघाली होती : स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प. तिन्ही घ्यावी लागतात. दोनच घेतली तर तिसरं नाही म्हणून लोक विचारतात, एकच घेतलं तर तुमच्याबद्दल विचारतात.

ज्यांची जागा अजून शिल्लक आहे त्यांच्यासाठी युनिक्रॉन. २०१९ साली हॅस्ब्रोनं त्याची आगाऊ नोंदणी उघडली. आठ हजार गिऱ्हाइकं जमली तरच बनवू, अशी अट. मुदतीत आकडा भरला नाही, मुदत वाढवली, मग भरला. सत्तावीस इंच उंचीचा हा गृहस्थ दुमडला की ग्रह होतो. आख्खा ग्रह. तो एकदा फळीवर चढला की पुन्हा कुणी त्याला उतरवून दुमडत बसेल, ही कल्पनाच सोडून द्या. त्या फळीखालून जाताना सांभाळावं.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. रोबो उभा ठेवला तर ट्रक दिसत नाही आणि ट्रक करून ठेवला तर रोबो दिसत नाही. नवखा माणूस म्हणेल, आठवड्यानं बदलावं. हा तरुण रक्ताचा विचार झाला. दर वेळी रंगाचा टवका उडतो, दर वेळी रॅचेटचा, म्हणजे जॉइंटमधल्या दातेरी चाकाचा, एखादा दात झिजतो. पोक्त उपाय असा, की एकाच रोबोच्या दोन प्रती घ्याव्या. एक जन्मभर रोबो राहील, एक जन्मभर ट्रक. ट्रकवाल्यासाठी तरी एकदा दुमडणं आलंच, म्हणून आधी बघावं, की तो खोक्यातून कोणत्या रूपात निघतो. ट्रक म्हणूनच निघत असेल तर देव पावला.

तिसरी प्रत सीलबंद ठेवायची. ही गुंतवणूक. कंपनी कधीतरी रीइश्यू काढते आणि जुन्या प्रतीचा भाव बसतो, हे खरं. पण गुंतवणूक म्हटली की जोखीम आलीच, आणि हे वाक्य घरात गंभीर चेहऱ्यानं टाकायला बरं पडतं. सीलबंद खोक्याचे शत्रू मात्र निराळे आहेत. पांढरं प्लॅस्टिक अंधाऱ्या खोक्यातही पिवळं पडू शकतं, त्याला ऊन लागायलाच हवं असं नाही. त्याहून भयंकर प्रकार सोनेरी प्लॅस्टिकचा. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीत धातूची चमक देणारे कण मिसळलेलं जे प्लॅस्टिक काही रोबोंना वापरलं, ते काळाबरोबर आतून ठिसूळ होत जातं आणि हलक्या हातानं धरलं तरी त्याचे तुकडे पडतात. म्हणजे तुमच्या कपाटात तीस-पस्तीस वर्षं सील न तुटलेलं एक निष्कलंक खोकं असेल, आणि आत काय असेल ते खोकं उघडल्याशिवाय कळणार नाही. उघडलं की सीलबंद प्रतीची किंमत गेली. न उघडता हलवून आवाज ऐकावा, तर हलवल्यानंच मोडायचं.

यावर एकच शास्त्रशुद्ध मार्ग आहे. त्याच वर्षीची, त्याच साच्याची, तितकीच जुनी चौथी प्रत शोधून मागवायची आणि ती उघडून बघायची. त्यात तुकडे निघाले तर तिसरीतही बहुधा तेच असणार, म्हणजे ती लवकरात लवकर विकायला काढावी, सील अखंड आहे हे ठळक अक्षरांत लिहून. आणि चौथी धडधाकट निघाली, तर लगेच परत खोक्यात घाला. तिला फार वेळ हातात धरू नका.