दर रविवारी मीठच पुसायचं का?

कोल्हापुरातनं समुद्र बघायचा तर घाट उतरून रत्नागिरी गाठावी लागते. मी शहाण्यानं तो राजारामपुरीत हॉलमध्ये आणून ठेवलाय. खाऱ्या पाण्याची चार फुटी काचेची टाकी, आत जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ, वर 54 वॅटच्या चार टी-5 (बारीक) ट्यूबा, प्रत्येकीच्या पाठीला चकचकीत रिफ्लेक्टर. त्या रिफ्लेक्टरनी डोकं आउट केलंय माझं!

सहा दिवस. सहा दिवसांत आरशासारखा पत्रा गिरणीतल्या पंख्यासारखा दिसायला लागतो. लिटरमागं 35 ग्रॅम मीठ, त्यात पंपाची खळबळ. बुडबुडा फुटला की बारीक थेंब उडतात, पाणी वाळतं, मीठ पत्र्यावर. ट्यूबचा निम्मा उजेड वरच्या बाजूलाच जातो, तो खाली वळवायला तर हा पत्रा. म्हणजे वीजबिल माझं आणि उजेड मिठाला! उजेड कमी पडून कोरल तपकिरी पडले की आपण बसतो पाण्याच्या टेस्ट करत.

बरं, पुसायचं तरी सुखानं? प्लग काढा, ट्यूबा गार होईपर्यंत थांबा, एकेक सोडवा. कोरडं फडकं फिरवलं की मिठाचे कणच ओरखडे काढतात, म्हणून आधी आरओच्या पाण्यानं भिजवा. बोअरचं वापरलं तर त्याचे डाग वेगळेच. तरी नाही निघालं तर पाणी घातलेलं व्हिनेगर, मग परत आरओचं पाणी. पावसाळ्यात तर विचारूच नका. मीठ दमट हवेनं ओलंच राहतं आणि ॲल्युमिनियम खातं. कडेला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडलेत.

ट्यूबांखाली काच बसवून द्या म्हटलं होतं, तर दुकानदार म्हणे, "उजेड कमी होईल." मग आता काय लख्ख ऊन पडलंय? मित्र म्हणतात, एलईडी घे. त्याच्या भिंगांवर काय साखर बसती व्हय?

गेल्या रविवारी तर कहर. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात आईनं एक रिफ्लेक्टर तारेच्या घासणीनं घासून ठेवला. "बघ, पाच मिनिटांत लख्ख! तू तासभर काय करतोस रे?" पत्र्यावर गोल गोल ओरखडे, घासलेल्या कुकरच्या बुडासारखे. तिच्या चेहऱ्याकडं बघून "भारी केलंस" म्हणालो आणि गपचूप बसवला.

दुकानदाराला एक नवा मिळेल का विचारलं, तर सुटा येत नाही म्हणे, चारचा सेटच घ्या.